पुरणपोळीचा वर्ग आणि सात खोल्यांची वायर

आमच्या लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर सात खोल्या आहेत, पण सरळ रांगेत नाहीत. मधल्या चौकाला वळसा घालून घोड्याच्या नालेसारख्या बसल्यात. म्हणजे माझी पहिली खोली आणि शेवटची सातवी समोरासमोर, मध्ये नुसती हवा. हे आधीच सांगते, कारण पुढचा घोळ या आकारामुळे झाला आणि निस्तरलाही यानेच.

मजल्यावर इंटरनेट आलं ते माझ्या खोलीत. तिथून पुढे कसं न्यायचं यावर गॅलरीत सभा भरली. कॉम्प्युटरचं मी साठीनंतर शिकले, व्हिडिओ बघून आणि चुकून चुकून. कोणी शिकवलं नाही, त्यामुळे कोणी अडवलंही नाही. मी रस्ते मांडले. एक, माझ्याकडून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं हातोहात. वायर कमी, काम झटपट. दुसरा, जिन्याजवळ नेट वाटणारा एक डबा ठेवायचा आणि त्यातून प्रत्येक खोलीला स्वतंत्र वायर. कागदावर काढली तर चांदणी दिसते. एकाची वायर उंदराने कुरतडली तर त्याचंच बंद, बाकीचे मजेत. पण वायर भारंभार. सगळ्यांना सगळ्यांशी जोडायचं, असाही प्रकार असतो. एक वाट तुटली तरी बाकीच्या शाबूत. पण तेवढ्या वायरी ओढल्या तर कपडे वाळत घालायचे कुठे?

"काकी, भिंतीला भिंत लागून आहे. एवढी वायर नाचवायची कशाला?" चौथ्या खोलीतले भाऊ म्हणाले, आणि हातोहातचा रस्ता ठरला. प्रत्येक खोलीत एक छोटा डबा बसला, मागच्याकडून घ्यायचं, पुढच्याला द्यायचं. छान चाललं.

सातव्या खोलीत आमची वहिनी राहते. तिच्या पुरणपोळ्या खाऊन मजला वाढलाय. मनगटं दुखायला लागल्यावर तिने ऑर्डरी घेणं बंद केलं आणि ती गप्पगप्पच झाली. तेव्हा मीच तिच्या मागे लागले, की पोळ्या करू नकोस, करायला शिकव, व्हिडिओवर. तिच्या परदेशातल्या भाचीने मैत्रिणी गोळा केल्या. होळीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला पहिला वर्ग. वहिनी आठवडाभर म्हणत होती, "ताई, एकदाच बसेन हं. फजिती झाली तर पुन्हा त्या पडद्यासमोर यायची नाही." आणि ती बोलते तशी वागते.

त्या दिवशी दुपारी ती गॅलरीतून ओरडली, "ताई, गेलं गं!"

माझ्याकडे नेट चालू. दुसरीत चालू, तिसरीत चालू. चौथीला कुलूप. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिमग्याला भाऊ गावी निघाले होते, आणि गावी जाताना आमच्याकडे माणूस देवाला नमस्कार करतो, गॅस बघतो आणि मेन बंद करतो. भाऊंचा डबा मेला आणि त्यांच्या पुढचे सगळे अंधारात. वहिनीच्या कोपऱ्यात मोबाइलची रेंज म्हणजे नावापुरती. आणि पोळपाट, लाटणं, तवा उचलून माझ्याकडे आणायचा तर पुरण तिकडे शेगडीवर.

भाऊंना फोन लावला. मागे गाडीचा हॉर्न.

"मेन बंद करून इलंव गो काकी. आग-बिग लागली तर?"

"ते बरोबर रे. पण चावी कोणाकडे दिलीस?"

"पाचव्या खोलीत."

"त्यालाही कुलूप आहे!"

"असणारच. तो माझ्या बाजूक बसलोहा."

मागून पाचवीवाल्याचा आवाज आला, "काकी, माझी चावी ह्याच्याकडे असा!"

एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांच्या खिशात घालून दोघे एकाच गाडीने निघाले होते. मी हसावं की रडावं? वहिनी मात्र पदराला हात पुसत म्हणाली, "राहू दे ताई. भाचीला नाही म्हणून कळव."

"थांब जरा," म्हटलं. वायर पुढून जात नसेल तर मागून जाईल. शेवटच्या खोलीला पहिलीशी जोडलं की झालं कडं, माल उलट्या बाजूने पोचतो. उरलेल्या वायरीचं वेटोळं पलंगाखाली होतं. कपडे वाळत घालायच्या काठीला टोक बांधलं आणि चौकावर काठी लांब धरली. समोरून वहिनीने तिची काठी पुढे केली.

खालून कोणीतरी ओरडलं, "काकी, मासा लागला काय?"

"लागला की तुलाच तळून घालते!"

दोन वेळा हुकलं, मग वायर वहिनीच्या हातात गेली आणि तिने ती तिच्या डब्यात खोचली. चार वाजून गेले होते, पण भाचीच्या मैत्रिणी थांबल्या होत्या. वहिनी आधी कुजबुजत बोलली. मग एकीचं पुरण पातळ झालेलं दिसलं आणि ही जी ओरडली, "अगं बाई, डाळीचं पाणी निथळलं नाहीस?", ती मला माझ्या खोलीत ऐकू आली. त्यानंतर मला तिची काळजी उरली नाही.

शिमगा करून भाऊ आणि पाचवीवाला आले, दोघांनी मेन चालू केले, आणि सगळा मजला ठप्प! आमचे साधे डबे कड्याला सरावलेले नव्हते. गोल पुरा झाल्यावर एकेक निरोप थांबायचं नाव न घेता फिरत राहिला, नव्याला जागाच नाही. चौकावरची वायर काढली तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पुन्हा सभा. मी पुन्हा चांदणी काढून दाखवली. तिची खोटही सांगितली, की मधला डबा गेला तर सगळेच गेले.

"मग एवढी वायर कशाला?" भाऊ म्हणाले.

कोणी उत्तर द्यायच्या आत वहिनी उठली. सभेत ती आजवर चहा द्यायलाच उठायची.

"भाऊ, आता दर शनिवारी वर्ग आहे माझा. येत्या शनिवारी कटाची आमटी. पोरी खोळंबलेल्या मला चालणार नाहीत. मधला डबा जातो म्हणते ताई, तर एक जास्तीचा आणून ठेवा."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चांदणीचा कागद त्यांच्या हातात दिला. शुक्रवारी ते स्वतःच शिडीवर चढून भिंतीला खिळे मारत होते, आणि वहिनी खाली उभी राहून वायर सरळ आहे का ते बघत होती.