होय कसं म्हणता ते दाखवा

माझा नवरा स्तामो जन्मभर कच्चंच खात आला. चीज भरलेली बानित्सा ओव्हनमध्ये असतानाच तिचा कोपरा मोडायचा, तोंड भाजून घ्यायचा आणि वर मलाच सांगायचा, "अजून जरा राहू दे." कॉम्प्युटरचंही तेच. नवी ऑपरेटिंग सिस्टिम पुरती तयार होऊन लोकांच्या हातात पडेपर्यंत त्याला दम निघायचा नाही. बनवणारे आधी एक कच्ची आवृत्ती सोडतात, प्रिव्ह्यू म्हणतात तिला. वापरून बघा आणि काय बिघडतं ते आम्हाला कळवा, असा मामला. शहाणी माणसं तिच्या वाटेला जात नाहीत. आमचा शहाणा ती पहिल्याच दिवशी आपल्या मशीनवर चढवायचा, आणि मशीन आडवं झालं की आतल्या खोलीतून ओरडायचा, "योन्का, सापडली! चूक सापडली!" लॉटरी लागली असती तरी माणूस एवढा ओरडला नसता.

तरुणपणी तो इथे आमच्या गावात, गाब्रोवोतच कारखान्यात कॉम्प्युटर जोडायचा. कारखाना बसला तेव्हा त्याने आणि त्याच्या जोडीदाराने, गेनादीने, आमच्या घराखालीच दुरुस्तीचं दुकान टाकलं. गेनादी मुकाट्याने काम करायचा आणि स्तामो काम करता करता बोलायचा. गिऱ्हाइकाशी, रेडिओशी, स्क्रूशी, कुणाशीही. त्याच्या बडबडीने माझे कान किटले होते. "अरे, गप्प बस की घटकाभर!" असं मी किती वेळा म्हटलं असेन त्याला हिशेब नाही.

मग तो आजार आला. त्याचं नाव लांबलचक आहे, मी ते तोंडात घेत नाही. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र लख्ख. घर इतकं शांत झालं की फ्रिजचा आवाज नको व्हायला लागला. त्याच्या एका शिवीसाठीसुद्धा जीव आसुसला माझा.

उरलं होतं ते होय आणि नाही. आमच्या देशात होय म्हणजे मान आडवी हलवायची, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. नाही म्हणजे हनुवटी वरखाली, आणि जिभेने च्यक्. बाकीच्या जगात म्हणे उलटं करतात. करोत बापडे. "सूप हवं?" मान आडवी. "खिडकी लावू?" हनुवटी वर. त्या दोन शब्दांवर आम्ही वर्षभर संसार केला, आणि भांडलोसुद्धा.

शरद ऋतू लागला तसा त्याचा श्वास तोकडा पडायला लागला. डॉक्टर वेल्कोवा घरी येऊन तपासून गेल्या. बाई सरळ बोलणाऱ्या. खुर्ची ओढून त्याच्यासमोरच बसल्या.

"काका, लवकरच छातीचं बळ पुरणार नाही. घशाला भोक पाडून नळी बसवता येईल, श्वासाचं मशीन जोडता येईल. मग पुढे कितीतरी दिवस मिळतील. पण मशीन कायमचं, आणि जवळ सतत कुणीतरी हवं. नको असेल तर तसं सांगा, आम्ही त्रास होऊ देणार नाही. आत्ता उत्तर देऊ नका. संत दिमितारचा सण झाला की मी येते."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि काकू, उत्तर यांचं हवं मला. तुमचं नको."

दारापर्यंत त्यांना पोचवून आले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

त्याच आठवड्यात गेनादी धावत जिना चढून आला. मी बाल्कनीत मिरच्या भाजत होते.

"वहिनी, नवी सिस्टिम येतेय. प्रिव्ह्यू सुटलासुद्धा! तिच्यात कॅमेरा माणसाची मान बघतो. मानेने लिहिता येतं!"

"अर्धवट शिजलेलं काही माझ्या घरात आणू नकोस," मी म्हटलं. "हा एक होता तेवढा पुरे."

आतून स्तामोची खुर्ची करकरली. वळून बघते तर हा वेड्यासारखा मान हलवतोय. आडवी, आडवी, आडवी. डोक्यावरची टोपी खाली पडली तरी थांबेना. "चढव बाबा," मी गेनादीला म्हटलं.

गेनादीने ते मशीनवर चढवलं. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळायला लागली. हवं ते अक्षर उजळलं की होय म्हणायचं, की ते खाली उमटणार. नाही म्हटलं की शेवटचं अक्षर पुसलं जाणार. "फक्त एक आहे दादा," गेनादी म्हणाला, "हे बाहेरच्या लोकांनी केलंय. त्यांचं होय म्हणजे हनुवटी खाली, आणि नाही म्हणजे मान आडवी."

स्तामोने डोळे बारीक केले. हनुवटी खाली घेतली. आणि पडद्यावर अक्षर उमटलं.

कुणी हात लावला नव्हता. तोंड उघडलं नव्हतं. माझ्या हातात मिरच्यांचा चिमटा तसाच, अंगावर सर्रकन काटा आला. इतके महिने त्या डोक्यात जे कोंडलं होतं, त्यातला एक कण बाहेर येऊन काचेवर बसला होता. मी छातीवर क्रूस काढला. एका अक्षराने माणूस हसतो का? तो हसला, हलत होते तेवढ्या ओठांनी हसला. आणि खूश होऊन त्याने मान हलवली. आमच्यासारखी, आडवी.

मशीनने अक्षर पुसून टाकलं.

तीच तऱ्हा पुढे रोज. नेटाने हनुवटी खाली घ्यायचा, बरोबर अक्षर यायचं, त्याचा आनंद मावायचा नाही, मान आपोआप आडवी जायची की अक्षर गायब. अडुसष्ट वर्षांची मान ती, तिला काय शिकवणार? गेनादीने सगळी सेटिंग पालथी घातली. उलटं करायची सोयच ठेवली नव्हती.

आणि मग आगीतून फुफाट्यात पडलो. एका दुपारी मी विचारलं, "सूप हवं?" त्याने हनुवटी हलवली. मी वाटी उचलून नेली. परत आले तर तो माझ्याकडे असा बघत होता की मला बसावंच लागलं. त्याला हवं होतं. मशीनचं होय त्याने मला दिलं होतं. मी म्हटलं, "बरं, आता परत सांग." त्याने मान आडवी केली, थांबला, हनुवटी खाली घेतली, पुन्हा थांबला आणि डोळे मिटून घेतले. त्याला स्वतःलाच कळेना आपण काय म्हणालो ते. सूप निवून गेलं.

त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली. सुपाचं एक असो. उद्या डॉक्टर येऊन विचारतील, नळी बसवू का? आणि याने मान हलवली तर मी कसली खात्री देऊ? जीव ठेवायचा की सोडायचा, एवढी गोष्ट त्या मानेवर, आणि त्या मानेचा भरवसा मीच घरात येऊ दिलेल्या मशीनने घालवला होता.

"काढ ते!" मी गेनादीवर ओरडले. "आत्ताच्या आत्ता काढ!"

स्तामोच्या डोळ्यांत पाणी आलं. नाही म्हणायला त्याला मानेची गरज पडली नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग लिही," मी गेनादीला म्हटलं. "चुका कळवा म्हणतात ना? कळव! मी सांगते तसं लिही. लिही, की आम्ही या डोंगरात तुमच्या आज्या-पणज्या जन्मायच्या आधीपासून होय असंच म्हणतो. लिही, की माझ्या नवऱ्याकडे दोनच शब्द उरले होते आणि ते तुम्ही घालवलेत. डॉक्टर त्याला जगायचंय का विचारणार आहेत आणि तुमचं यंत्र त्याचं होय पुसून टाकतंय. लाज वाटू द्या म्हणावं!"

"लाज पण लिहू, वहिनी?"

"ठळक लिही!"

त्याने शब्दन् शब्द इंग्रजीत करून पाठवला. मी मनात म्हटलं, कुठले वाचतायत. एवढी मोठी दुनिया, तिथे गाब्रोवोतल्या म्हातारीच्या शिव्या कोण वाचतो?

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाली एका बाईचं नाव, कुठल्या देशातली कोण जाणे. गेनादीने वाचून दाखवलं. 'आम्हाला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला हवं होतं. आधी वाटलं, तुमच्या देशापुरतं उलटं करून द्यावं. मग लक्षात आलं, तेही आम्हीच ठरवल्यासारखं होईल. तुमच्या यजमानांनी थोडी कळ काढावी. कळवलंत, मनापासून आभार.' मी शिव्या दिल्या होत्या आणि त्या बाईने आभार मानले होते. कुणीतरी, कुठेतरी, आमच्यासाठी जागं होतं.

सणाच्या आदल्या दिवशी नवी आवृत्ती आली. गेनादीने मशीन सुरू केलं. पडदा कोरा झाला आणि त्यावर आमच्या भाषेत एकच ओळ आली:

'होय कसं म्हणता ते दाखवा.'

चित्र नाही, बाण नाही, असंच करा म्हणून नाही. स्तामो त्या ओळीकडे कितीतरी वेळ बघत होता. मला जन्मात कुणी हे विचारलेलं नाही. मालकाने नाही, सरकारने नाही, पाद्रीबाबाने लग्नातसुद्धा नाही. सगळे आपापलं होय घेऊन येतात आणि आपल्याला त्यात बसवतात. आणि ही निर्जीव काच विचारत होती, तुझं कसं असतं, दाखव.

त्याने दाखवलं. सावकाश, या खांद्याकडून त्या खांद्याकडे.

'समजलं,' पडद्यावर आलं. गेनादी तोंड फिरवून चष्मा पुसायला लागला. एवढा बाप्या माणूस, पण त्यालाही आवरेना.

नवी आवृत्ती लिहिलेलं मोठ्याने वाचायची, आणि मान हलली की होय किंवा नाही बोलायचीही. मला वाटलं, आता पहिलं वाक्य माझ्यासाठी येणार. कसलं काय! मेल्याने तासभर मान हलवून लिहिलं, 'वाचणारा आवाज फार सपाट आहे. कळव त्यांना.' मी त्याला यथेच्छ बोलून घेतलं आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला. मग विचारलं, "डॉक्टरांना काय सांगणार आहेस?" त्याने डोळे मिटले. सांगायला तयार नव्हता.

डॉक्टर वेल्कोवा आल्या. खुर्ची ओढली. समोर बसल्या.

"काका, नळी बसवायची?"

त्याने मान हलवली. आणि मशीन त्या सपाट आवाजात बोललं, "होय."

डॉक्टरांनी पेन उघडलं. पण स्तामो थांबला नव्हता. अक्षरं उजळत होती, तो एकेक टिपत होता, कपाळावर घाम आला होता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बऱ्याच वेळाने मशीनने वाचलं:

"पण रात्री जागायचंय ते हिला. आधी हिला विचारा."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. मी त्याच्याजवळ वाकले, माझा गाल त्याच्या गालाला लागला आणि मी नुसती मान आडवी हलवली. माझं तोंडही कॅमेऱ्यात आलं असणार, कारण माझ्या वतीने मशीनच बोललं, "होय."