मधुकाकांच्या फिल्मला टेलर आले

शनिवारी माझी पहिली डॉक्युमेंटरी दाखवली, इथेच रायपुरात, गुढियारीतल्या आमच्या विहाराच्या हॉलमध्ये. हिरो कोण, तर माझे सख्खे मधुकाका... ज्यांना अख्खा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, पागल म्हणतो.

रेल्वेतून रिटायर झाल्यावर काका कॅमेरा घेऊन सदर बाजारात उभे राहायला लागले. फॅशन फोटोग्राफर म्हणे! दागिन्यांनी मढलेल्या बायकांकडे ढुंकूनही बघत नाहीत. पण बीरगांवच्या फॅक्टरीतला एखादा पोट्टा टेलरकडून शिवून घेतलेल्या शर्टाची कॉलर ताठ करून आला, की भर ट्रॅफिकमध्ये त्याला अडवतात. स्वतः मात्र पिवळी पँट आणि गमबूट... उन्हाळ्यातसुद्धा.

फोटो काढला की एकच प्रश्न, "भैया, किसने सिला?" आणि प्रिंट त्या माणसाला नाही, त्याच्या टेलरला नेऊन देतात. घालणारा आरशात बघून घेतो, शिवणाऱ्यानं कुठे बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

काकूला या सगळ्याची लाज वाटायची. "काहून तमाशा करून राहिली वं? लोकं हासतीन त्यायले," ती मला म्हणाली. मला राग आला, पण भीती मलाही तीच होती. कुणी पागल म्हटलं की काका त्या दिवशी धड जेवत नाहीत, हे शूटिंग करताना मी पाहिलं होतं.

वेळ झाली तरी हॉलमध्ये आम्ही घरचेच. मागे पाऱ्यातली दोन-तीन पोरं गमबूट बघून खिदळत होती. काका मान खाली घालून लेन्स पुसत बसले.

लाइट बंद करणार, तेवढ्यात दारात एक टेलर मास्टर उभे, गळ्यात टेप तसाच. मी बोलावलं होतं फक्त त्यांनाच. पण त्यांच्या मागून दुसरे आले, तिसरे आले, दुकानं बंद करून... आणि आपापली गिऱ्हाइकंही घेऊन आले, स्वतः शिवलेल्या कपड्यांत नटवून!

"आपका दिया हुआ फोटो मशीन के ऊपर लगाया है, भैया," एक म्हातारे मास्टर काकांचा हात धरून म्हणाले. खुर्च्या पुरेनात. खिदळणारी पोरं गुपचूप उठून भिंतीला टेकली.

फिल्म सुरू झाली, शिट्ट्या काय, टाळ्या काय... मी तर रडलेच. आणि काका? पडद्याकडे पाठ करून, पडद्याच्याच उजेडात समोरच्या लोकांचे फोटो काढत होते.

"अहो, बसा ना, तुमचाच पिक्चर चालू हाय," काकू म्हणाली. मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

"हव, हव," म्हणत ते पुढच्या रांगेतल्या ब्लाउजकडे वळले.

माझ्या हिरोनं माझी फिल्म अजून पाहिलेली नाही. आणि मला आयुष्यात यापेक्षा मोठं बक्षीस मिळेलसं वाटत नाही.