मिनिटामिनिटाची नोंद

डोंबिवलीच्या ज्या अभ्यासिकेत बसून मी पदवीचा अभ्यास केला, तिथलं इंटरनेट रोज दुपारी जायला लागलं. मुलांच्या सराव परीक्षा मध्येच तुटायच्या. इंटरनेटवाल्यांचा माणूस दोनदा येऊन "लाइन ओके आहे" म्हणून गेला.

आमच्या घराण्यात कॉलेजचा फॉर्म भरणारा मी पहिला. तो फॉर्म अभ्यासिकेतल्या काकांनी शेजारी बसून माझ्याकडून भरून घेतला होता. बँकेतून निवृत्त झालेले हे काका तिथली देखरेख विनामूल्य करतात. मी आंबिवलीला एका खोलीत एकटा राहतो. नोकरी नेटवर्कची, त्यामुळे दिवसभर समोर स्क्रीनच. रविवारी काकांबरोबरचा चहा, एवढंच माझं आठवड्यातलं माणसांत बसणं. म्हणून वाटलं, त्यांच्या उपयोगी पडायची ही संधी आहे.

एका रविवारी तळहातावर मावेल एवढा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर घेऊन गेलो. त्यात एजंट म्हणतात तो छोटा प्रोग्रॅम बसवायचा होता. तो दर मिनिटाला राउटरला हाक मारतो आणि उत्तर आलं की नाही ते वेळेसकट लिहून ठेवतो. काका खुर्ची ओढून शेजारी बसले.

"एवढासा हा, आणि पहारा देणार?"

"हो काका, झोपत नाही तो."

"मग तुझ्यापेक्षा बरा. तू त्या कोपऱ्यातल्या टेबलावर चक्क घोरायचास."

कॉम्प्युटरचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं, ते भारतीय वेळेवर आणलं. नोंद चुकायला नको, याची मला फार काळजी. तेवढ्यात अभ्यासिका चालवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी डोकावले. "अरे, रिपोर्ट मलाच डायरेक्ट येऊ दे ना. कमिटीत दाखवता येईल." मी माझ्या पत्त्याबरोबर त्यांचाही ईमेल पत्ता घातला. तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

आठवडाभराच्या नोंदी जमल्यावर सोमवारी ऑफिसात रिपोर्ट उघडला. रोज दोननंतर राउटर गप्प, पाऊण तासाने पुन्हा चालू. कॉम्प्युटर मात्र सुरूच, म्हणजे वीज गेलेली नव्हती. कुणीतरी हाताने बटण बंद करत होतं, आणि राउटर होता काकांच्या टेबलामागे. मी फोन लावला.

"मीच बंद करतो. का रे? हात लावून बघ, केवढा तापतो. आमच्या घरी टीव्हीलासुद्धा दुपारी विश्रांती असते. नेट अधूनमधून जायचं, म्हणून तर हे सुरू केलं. तक्रारी वाढल्या तशी वेळ वाढवली." मग म्हणाले, "चहा घेताना विचारलं असतंस, तरी सांगितलं असतं."

ते मला सुचलंच नव्हतं.

फोन ठेवतो तोच सेक्रेटरींचा आला. "अरे, चोर घरातच निघाला की!" ते हसत होते. मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. काकांना आधी विचारायला हवं होतं." पण रिपोर्ट कमिटीकडे गेला होता. राउटर कुलपाच्या पेटीत ठेवायचा आणि किल्ली माझ्याकडे, असं काकांच्या समोरच ठरलं. "योग्य आहे," एवढंच काका म्हणाले.

हवेला भोकं असलेली जाळीची पेटी मी स्वतः बसवली. किल्ली काकांच्या पुढे धरली.

"तुमच्याकडेच राहू दे."

"नको. पुन्हा काही झालं तर तुझ्या नोंदीत मीच दिसायचो."

त्या दिवशी चहा झाला नाही. त्यांना लवकर घरी जायचं होतं.

आता रिपोर्टमध्ये एका मिनिटाचाही खंड नसतो. मुलांच्या परीक्षा नीट पार पडतात, सेक्रेटरींनी मला कौतुकाचं पत्रही दिलं. काकांनी मात्र रविवारची सुट्टी घ्यायला सुरुवात केली आहे. बाकीचे सहा दिवस ते येतात, असं मुलं सांगतात.

येत्या बुधवारी मी रजा टाकली आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.