सुकदेववरचा आळ

बराकाची गोष्ट मी आजवर शंभर वेळा तरी सांगितली असेल. कामावर नवी पोरं आली की सांगतो, घरी मुलगा अभ्यासाला कंटाळला की सांगतो. टांझानियाहून नाशिकला येऊन स्वतःच्या कमाईवर फ्रीज-एसी दुरुस्तीचा कोर्स पूर्ण करणारा पोरगा! ऐकणारे थक्क होतात. पण दर वेळी मी त्यातला एक भाग गाळतो. बायकोलाही तो माहीत नाही. आज तो सांगायला बसलोय — आणि तरी बघा, सुरुवात त्याच्या कौतुकानंच करतोय. कौतुक सोपं असतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सातपूरच्या बाजूला एका खासगी तंत्रशिक्षण संस्थेच्या होस्टेलात बराका आणि मी एका खोलीत राहायचो. मी दिंडोरीकडचा, द्राक्षबागवाल्या घरचा. खर्चाला आप्पा — माझे वडील — पैसे द्यायचे. बराकाला देणारं कुणीच नव्हतं. दार-एस-सलामला तो एका कटिंगच्या दुकानात कामाला होता. तिथं येणाऱ्या एका गुजराती व्यापाऱ्यानं त्याला नाशिकचं सुचवलं. तिकिटापुरते आणि पहिल्या फीपुरते पैसे जमवायला त्याला काही वर्षं लागली. त्याचं गाव मोठ्या तळ्याकाठचं. मासे भरपूर, पण बर्फाचा कारखाना बंद पडला की शहरातून मेकॅनिक येईपर्यंत सगळे मासे नासायचे. "तो मेकॅनिक मी होणार," तो म्हणायचा. मी मात्र बारावीला मार्क कमी पडले म्हणून आलो होतो.

इथं आल्यावर त्याची कात्री पुन्हा बाहेर आली. रविवारी सकाळी गॅलरीत प्लॅस्टिकची खुर्ची, गळ्याभोवती जुनी चादर, आणि पोरांची रांग. हात काय चालायचा त्याचा! कटिंग करता करता तो मराठी शिकला. आधी शिव्या, मग आकडे, मग सगळंच. मक्याचं पीठ गिरणीतून आणून स्टोव्हवर घट्ट शिजवायचा आणि मेसच्या आमटीबरोबर खायचा. फी, जेवण, वह्या, सगळं त्या खुर्चीतून निघायचं. परदेशी विद्यार्थ्याला कमवायची परवानगी नसते हे सगळ्यांनाच माहीत होतं. रेक्टर सरही गॅलरीकडे मुद्दाम बघत नसत.

होस्टेलच्या गेटसमोर सुकदेवदादाचं सलून होतं. मूळचा नांदगावचा, बोलका माणूस. बराका त्याच्यापेक्षा कमी पैसे घ्यायचा, त्यामुळे त्याचं गिऱ्हाईक तुटलं होतं. पण तो हसण्यावारी न्यायचा. "तुमचा परदेशी कारागीर, आपण गावठी," असं म्हणायचा.

एका रविवारी आप्पा द्राक्षांची पेटी घेऊन आले. बराकानं त्यांना खुर्चीत बसवलं, केस कापले, मिशी कातरली. पैसे घेईना. आप्पा आरशात बघून खूश. मग रांगेतल्या सगळ्या पोरांसमोर मला म्हणाले, "लय गुणी पोरगं हाय हे. कुठून कुठं आलंय, पन कुनाम्होरं हात पसरत नाय. आन तू? तुला धाडायचं आन तू उडवायचं."

पोरं हसली. बराका हसला नाही. तो खाली बघत चादर झटकत राहिला.

एवढंच. याहून जास्त काही घडलं नव्हतं — हे मला नीट सांगायला हवं. त्यानं मला कधी दुखावलं नव्हतं. उलट परीक्षा जवळ आली की पहाटे उठवून माझ्याकडून कॉम्प्रेसरच्या आकृत्या काढून घ्यायचा. मग मला नेमकं काय झोंबलं? आप्पांचं बोलणं? की ते खरं होतं, हे?

त्या आठवड्यात मी रेक्टर सरांच्या केबिनमध्ये गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. आवाजात काळजी आणून म्हणालो, "सर, बराका कटिंगचे पैसे घेतो. उद्या संस्थेवर काही यायला नको." आता सरांना गॅलरीकडे न बघून चालणार नव्हतं. तोंडावर सांगितलं होतं ना मी!

त्याच संध्याकाळी बराकाची कात्री आणि केस कापायचं मशीन सरांच्या कपाटात गेली. पुन्हा असं दिसलं तर पोलिसांना कळवावं लागेल, व्हिसा जाईल, असं त्याला बजावलं गेलं. तो खोलीत आला, कॉटवर बसला आणि हाताची बोटं चोळत राहिला. मी विचारलं, "काय झालं रे?" — हो, मी विचारलं. "काही नाही," तो म्हणाला. त्या सत्राची फी त्याला भरता आली नाही. फी नाही म्हणून परीक्षेला बसता आलं नाही. आम्ही सगळे पुढे गेलो, तो सहा महिने मागे राहिला.

इथवर थांबलो असतो तरी सांगायला पुरेसं होतं. पण मी थांबलो नाही.

पोरं भडकली होती. मेसमध्ये एकच विषय, चुगली कुणी केली? आणि मी म्हणालो, "धंदा कुणाचा बसला होता?" बस. नाव घेतलंच नाही मी. घ्यावं लागलंच नाही. सगळ्यांच्या माना गेटकडे वळल्या. दुसऱ्या दिवसापासून होस्टेलचं एकही पोर सुकदेवदादाच्या दुकानाची पायरी चढेना. कुणीतरी दगड मारून त्याचा मोठा आरसा फोडला. तो गेटपाशी येऊन विचारायचा, "पोरांनो, माझं चुकलं तरी काय?" पोरं घोळक्यानं उभी राहून तोंड फिरवायची. मीही त्या घोळक्यातच उभा असायचो.

काही आठवडे असेच गेले. मग एका रविवारी, पोरं गॅलरीत बसलेली असताना, बराका खाली उतरला, रस्ता ओलांडला आणि सुकदेवदादाच्या खुर्चीत जाऊन बसला. दार सताड उघडं होतं, आम्हाला सगळं दिसत होतं. सुकदेवदादा कंगवा हातात धरून नुसताच उभा. असले घट्ट कुरळे केस त्यानं कधी कापले नव्हते. बराका त्याला फुटक्या आरशातून दाखवत होता — इथून धर, असं फिरव. मध्येच दोघं हसायला लागले. डोक्यावर एका बाजूला वेडावाकडा खड्डा घेऊन बराका परत आला आणि गॅलरीत मोठ्यानं म्हणाला, "दादानं काही केलेलं नाही. जा, कटिंग करून या. माझं दुकान तर बंद आहे." संध्याकाळी दोघंतिघं गेले. पुढच्या रविवारी रांग लागली.

पुढे तो रात्रीचं जेवण सुकदेवदादाच्या घरी जेवायला लागला. फुकट नाही, आधी त्याच्या मुलीला इंग्रजी वाचायला शिकवायचा आणि मगच ताटावर बसायचा. संस्थेनं त्याची परिस्थिती बघून फी माफ करायचं ठरवलं, तर हा म्हणाला, "माफ नको, काम सांगा." मग वर्कशॉपमधली बंद मशीनं आणि होस्टेलचा वॉटर कूलर यानं दुरुस्त केला आणि तेवढी फी वळती झाली. स्वतःचा कॅमेरा विकला, चामड्याचे बूट विकले, आणि स्लीपर घालून परीक्षेला गेला. पहिल्या वर्गात पास झाला. तो मायदेशी निघाला तेव्हा मी गावाहून निरोप द्यायला आलो होतो; त्यानं मला घट्ट मिठी मारली. माझ्या तोंडाशी आलं होतं. आलं होतं का खरंच? की हे मी मागाहून मनाशी जुळवलंय? काही असो, मी बोललो नाही.

बरीच वर्षं गेली. मी पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरीला लागलो. एकदा लग्नाला नांदगावला गेलो होतो, दाढी करायला एका दुकानात शिरलो, तर आत सुकदेवदादा. केस पिकलेले. पण त्यानं मला लगेच ओळखलं. चहा मागवला, साबण लावला आणि बराकाबद्दलच बोलत सुटला. त्याचा फोन येतो, त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, तळ्याकाठच्या बर्फाच्या सगळ्या कारखान्यांचं काम त्याच्याकडे आहे. सांगताना दादाचा चेहरा नुसता फुलला होता.

मग वस्तरा थांबवून तो म्हणाला, "तुला एक सांगू? चुगली कोनी केली ते त्याला पहिल्याच दिवशी माहीत हुतं. रेक्टरनंच सांगितलं त्याला."

मी आरशात बघत होतो.

"लय खोदून विचारलं मी. माझा आरसा फुटला रे, माझा धंदा बसला. नाव सांग म्हटलं. नाय सांगितलं. म्हनला, दादा, पोरं त्याला मारतील. माझं जे व्हायचं ते झालं, आता अजून एकाचं कशाला."

म्हणजे त्या संध्याकाळी, मी "काय झालं रे" विचारत होतो तेव्हा, त्याला माहीत होतं. त्यानंतरही आकृत्या काढून घ्यायला तो मला पहाटे उठवायचा, तेव्हाही त्याला माहीत होतं.

सुकदेवदादानं मान तिरकी करून विचारलं, "तू तर त्याच्याच खोलीत हुता. तुला काय अंदाज? कोन असंल?"

दुकानात आम्ही दोघंच होतो. माझ्या गळ्यावर त्याचा हात होता — हलका, सवयीचा. मी म्हणालो, "काय माहीत, दादा."

त्यानं मान डोलावली आणि उरलेली दाढी केली.