बंबाचं फाटक

माझा मामा आगीचा बंब चालवायचा. डोकं भलतंच तापट, पण गाडीच्या बाबतीत हळवा. रोज पुसायचा, टाकी भरलीय ना बघायचा. मामी म्हणायची, तुमची खरी बायको लाल रंगाची आहे.

तेव्हा घटनेनं गावांना आपला कारभार आपण करायचा हक्क दिला होता. ऐकायला काय झकास! बंब नगरपालिकेचा, म्हणजे नगराध्यक्षांचा, म्हणजे त्यांच्या बागेचा. लाकडाची वखार पेटली त्या दुपारी मामा अध्यक्षांच्या झाडांना पाणी घालत होता. जाऊ द्या म्हणून हात जोडले, तर ते म्हणाले, आधी उरलेल्या रांगा भिजव. वखारीचा रखवालदार होरपळून गेला. त्या दिवसापासून मामानं एकच धोशा लावला, की यांच्या डोक्यावर कुणीतरी बसलं पाहिजे. घटना बदलून सगळे अधिकार राजधानीकडे द्यायचे का, यावर मतदान आलं, तेव्हा हा बाबा दारोदार फिरला. मलाही फिरवलं. आम्ही जिंकलो.

राजधानीनं बंबखान्याला नवं फाटक बसवलं. हुकूम तिकडून आला तरच उघडणार. बागेचं पाणी बंद झालं, मामा खूश. हुकूम उशिरा यायचे, तर म्हणायचा, असू दे, निदान सगळ्यांना सारखाच उशीर.

मग बंबखान्यामागच्या गल्लीत मामीचं शिवणकामाचं दुकान पेटलं. मामी मागच्या खोलीत अडकली. मामानं राजधानीला फोन लावला. पलीकडची मुलगी आदबीनं म्हणाली, शेजारच्या गावच्या बंबाला हुकूम गेलाय, नकाशात तोच जवळ दिसतोय, तुम्ही थांबा. मी धावत पोचलो तर मामा स्टिअरिंग धरून बसलेला, इंजिन सुरू, समोर फाटक. साधं पत्र्याचं फाटक हो, एका धडकेत आडवं झालं असतं. मी ओरडलो, मामा, घाल गाडी.

"माझ्या बायकोसाठी घातली," तो म्हणाला, "तर त्या बागवाल्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

मी त्याला नाही नाही त्या शिव्या घातल्या आणि बादली उचलून पळालो. शेवटी त्यानं फाटक तोडलंच. तोवर दुकानाचं छप्पर खाली आलं होतं. शेजारचा बंब त्यानंतर आला. फाटक तोडलं म्हणून राजधानीनं मामाला कामावरून काढलं.

आता पुन्हा मतदान आहे, अधिकार गावांना परत द्यायचे का म्हणून. परवा जुन्या अध्यक्षांचा मुलगा घरी आला. अधिकार परत द्या म्हणणाऱ्या त्यांच्या सभेत मामानं मामीबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणाला. निर्लज्ज मेला! मामानं त्याला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर माझ्याकडे वळला.

"शिक्का कुठे मारू, तू सांग. इकडे रखवालदार, तिकडे तुझी मामी."

मी वैतागून म्हटलं, कुठेच नको मारू. गप्प बसून राहा.

"बसलोच होतो की," तो म्हणाला. "गाडीत."