बाळंतपणाला सोबत कोण?

घरात बाई गरोदर राहिली की किस्से आपोआप साचतात. कुणाकडे मागायला जावं लागत नाही. भाजीवाली एक सांगून जाते, नणंद फोनवर दोन सांगते, लिफ्टमध्ये भेटलेली अनोळखी बाई तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वतःची अख्खी डिलिव्हरी उरकते! दुसरी खेप असेल तर स्वतःचेच इतके असतात की दुसऱ्यांचे ठेवायला जागा उरत नाही. माझे किस्से ऐकून मैत्रिणी खूप हसतात. मीही हसते त्यांच्याबरोबर. पण घडत होतं तेव्हा मला एकदाही हसू आलेलं नव्हतं, एवढं आधी सांगून ठेवते.

*

सुरुवात पहिल्या वेळेपासून करावी लागेल. ओमच्या वेळची गोष्ट. सोलापुरातलंच एक हॉस्पिटल, नाव नाही सांगत. सकाळी मला लेबर रूममध्ये घेतलं आणि दार लावलं. सगळे बाहेर, मी आत. दिवसभर कुणीतरी यायचं, तपासायचं, आणि माझ्या डोक्यावरून दुसऱ्या कुणालातरी सांगायचं, "अजून वेळ आहे." मला कुणी काही सांगायचं नाही. ते इंजेक्शन कसलं, ही नळी कशाला, किती वेळ म्हणजे किती?

दुपारनंतर माझा धीर सुटला. बीपी बघायला आलेल्या सिस्टरला मी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा, मी मरणार आहे का?"

तिने हातातला पट्टा गुंडाळला आणि म्हणाली, "माझी शिफ्ट संपली मॅडम. आता ज्या येतील ना, त्यांना विचारा!"

ओम चांगला झाला, गुटगुटीत. पण नंतर कितीतरी महिने कुठे स्टीलचा ट्रे वाजला तरी मला दरदरून घाम फुटायचा. कुणाला सांगायला गेलं की ऐकू यायचं, "पोरगं धडधाकट आहे ना? मग झालं तर!" काय झालं ते मला कधी कळलंच नाही.

*

त्यामुळे दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा पेढे वाटायच्या आधी मी मोबाईलवर शोधायला बसले. तिथे तो शब्द सापडला. डूला. बाळंतपणात शेवटपर्यंत सोबत राहणारी बाई. डॉक्टर नाही, नर्स नाही. धीर देते, कंबर चोळून देते, काय चाललंय ते समजावून सांगते. मुंबई-पुण्यात बऱ्याच आहेत, सोलापुरात एकच सापडली.

नवऱ्याला सांगितलं. महेश एका टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. माणूस वाईट नाही, हे मी आजही सांगते.

"काय बोलालीस तू?" तो म्हणाला. "बाहेरची बाई कशाला? मी आहे की!"

"मागच्या वेळी कुठं होतास?"

"खालीच होतो की दिवसभर! नेमकं शेवटी वॉचमन आला, म्हणाला गाडी काढा, अँब्युलन्स यायलीय. काढली. मग दुसरीकडं कुठं जागाच मिळेना. दोन गल्ल्या फिरलो. लावून वर येतो तर पोरगा झालेला."

मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. त्याला वाटलं, मला पटलं. म्हणून त्याने पुढे जोडलं, "पण गाडीला ओरखडा पडू दिला नाही बघ!"

*

सासूबाई वैरागच्या. जीव लावतात, पण बोलताना कुणाचं ऐकत नाहीत. महेशने त्यांना समजावून सांगितलं, म्हणजे त्याला जेवढं समजलं होतं तेवढं. त्या लसूण सोलत होत्या. हात थांबला.

"म्हंजे ती कळा घेणार व्हय?"

"नाही आई, कळा हीच घेणार. ती नुसती सोबत बसणार."

"आन् त्याचं पैसं?"

"हो."

सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी घर गहाण टाकून आले होते. "मनीषा, अगं आमच्यात मेल्यावर रडायला सुदिक भाड्यानं मानसं आनत न्हाईत!"

त्या दिवशी मी जेवले नाही. कुणी विचारलंही नाही. गरोदर बाईला मळमळतंच की!

*

मग आईला फोन लावला. आई करमाळ्याला असते. म्हटलं, डूला वगैरे राहू दे, आपली आईच आत आली तर? तिला स्पष्टच विचारलं, "यावेळी तू माझ्याजवळ आत थांबशील?"

आधी तिने ओमचं जेवणखाण विचारलं. मग म्हणाली, "मला नाही गं बघवत. मागच्या वेळी दाराबाहेर मी चक्कर येऊन पडले होते. तुला सांगितलं नाही. तुझ्या आधी सलाईन मला लागलं होतं!"

मग तीच रडायला लागली. मी तिला समजावलं. फोन ठेवताना म्हणाली, "घाबरू नकोस. कमळाभवानीला ओटी बोललेय. देवी असेल तुझ्याजवळ."

देवीला तरी आत सोडतील का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

*

मी शाळेत भूगोल शिकवते. शाळेत तर कुठलीच गोष्ट लपत नाही. स्टाफरूममध्ये विषय निघाला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "कशाला ते? यूट्यूबवर सगळं आहे." पीटीचे सर जागचे उठून ग्राउंडवर निघून गेले. फक्त शाहीन मॅडम माझ्याजवळ सरकल्या. हळूच म्हणाल्या, "लेलो मॅडम, लेलो. मेरे टाइम पे कोई नई था. आज तक याद आता." आणि पटकन पेपर तपासायला लागल्या. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांनी केबिनमध्ये बोलावलं. फार आपुलकीने बोलल्या. "तुमच्या डिलिव्हरीसाठी तुम्ही एक बाई ठेवताय असं कळलं."

मला भरूनच आलं. म्हटलं, वरच्या पातळीवर कुणालातरी समजलं! मी म्हणाले, "हो मॅडम. विचार चाललाय."

"फार बरं झालं," त्या म्हणाल्या. "दहावीचा भूगोल घेईल का हो ती?"

*

शेवटी मी तिला घरी बोलावलंच. श्रीदेवी तिचं नाव. सोलापूरच्याच पूर्व भागातली, तेलुगू घरातली, माझ्यापेक्षा थोडी लहान. पुण्याला जाऊन कोर्स करून आलेली. येताना एक भलामोठा रबरी चेंडू घेऊन आली. कळा सोसताना त्यावर बसायचं असतं. ओमने तो तत्काळ ताब्यात घेतला आणि बाकीचं सगळं बोलणं त्या चेंडूच्या आवाजात झालं.

सासूबाईंनी मुलाखत घेतली. नवरा काय करतो? लूमवर. सासू आहे का? आहे. "पोरं किती?"

"एक मुलगी आहे आजी."

"घरी झाली का दवाखान्यात?"

"दवाखान्यात. सिझर झालं माझं."

सासूबाई स्वयंपाकघराकडे वळल्या आणि जाता जाता, हळू म्हणायच्या नादात चांगलं मोठ्याने म्हणाल्या, "सोताचं जमलं न्हाय, आन् दुसऱ्याचं कराया निघाली!"

श्रीदेवीने ते ऐकलं. हसली. मग हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती रडायलाच लागली. "सगळे फोन करतात ताई. तासभर विचारतात. मग घरी विचारून सांगतो म्हणतात. आणि डायरेक्ट पेढेच पाठवतात!"

मला धीर द्यायला आलेल्या बाईच्या पाठीवरून मी हात फिरवत बसले. पाणी दिलं. सातवा संपत आलेला, खाली वाकता येत नव्हतं, तरी पडलेला तिचा रुमाल उचलून दिला!

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. त्यांना रडणारं माणूस अजिबात बघवत नाही. कप तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "रडू नगं बाई. घेईल की आमची सून तुला. घे, च्या घे."

झाला निर्णय! मी कितीतरी महिने उशीत तोंड खुपसून रडत होते. त्याने काहीच ठरलं नव्हतं.

*

आता डॉक्टरांना विचारायचं राहिलं होतं. यावेळी हॉस्पिटल बदललं होतं. डॉक्टरीणबाई हुशार, पेशंटही खूप. मी सगळं सांगितलं. पहिल्या वेळचं, ट्रेचा आवाज, घाम, सगळं. त्या लिहिता लिहिता ऐकत होत्या.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "लेबर रूममध्ये बाहेरचं माणूस आम्ही घेतच नाही. इन्फेक्शन किती वाढलंय! नवऱ्यालाही नाही घेत."

"मला भीती वाटते डॉक्टर."

"भीती कसली? आम्ही आहोत ना!"

एवढ्यात लेबर रूमचं दार उघडलं. आतून एक माणूस आला. खांद्यावर शिडी, पायात चपला, तोंडात तंबाखूचा मावा. एसीवाला! तोंड वर करून, गुळणी सांभाळत त्याने विचारलं, "मॅडम, गार येतंय का बघता का एकदा?"

डॉक्टरीणबाई उठून बघायला गेल्या. महेशने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मला वाटलं, आता तरी हा काहीतरी बोलेल.

"आपल्या घरचा पण दाखवून घ्यायला पाहिजे," तो म्हणाला.

*

दुसरीकडे दोन ठिकाणी विचारलं, तिथेही तेच उत्तर. त्यात दिवस भरत आलेले. आता नवीन पेशंट कोण घेणार? श्रीदेवीने तोडगा काढला. ती बाहेर बसेल आणि फोनवरून माझ्याशी बोलत राहील. इअरफोन लावायचा, तिचा आवाज कानात. आम्ही घरी प्रॅक्टिस केली. "श्वास घ्या ताई. मी इथंच आहे. हळू सोडा." डोळे मिटले की खरंच कुणीतरी जवळ असल्यासारखं वाटायचं. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा नीट झोपले.

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. रिक्षा, हॉस्पिटल, दार. दारात सिस्टरने हात पुढे केला. "मोबाईल?"

"सिस्टर, तो मला आत लागणार आहे. डॉक्टरांना—"

"आत अलाउड नाही. मागं एकीनं आत व्हिडिओ काढला होता."

माझ्या बोटांतून फोन गेला. सिस्टरने तो नेऊन श्रीदेवीच्या हातात दिला. श्रीदेवीच्या एका हातात तिचा फोन, दुसऱ्या हातात माझा. सासूबाई तिला म्हणाल्या, "आता काय, सोताशीच बोल बाई!"

दार लागलं.

*

आतला एक किस्सा उरलाय.

आत दोन टेबलं होती, मध्ये हिरवा पडदा. पलीकडे अक्कलकोटकडची एक पोरगी होती. चेहरा दिसला नाही मला तिचा. पोरगीच म्हणते, कारण आवाज अगदी कोवळा होता. माझी कळ ओसरली की तिची यायची, तिची ओसरली की माझी.

अशाच एका वेळी पडद्याखालून तिचा हात आला. बांगड्या काढलेला, घामेजलेला. चाचपडत होता. मी धरला.

"बिडब्याड," ती म्हणाली.

"बाई, मला कानडी येत नाही गं."

"बिडब्याड यक्का, बिडब्याड!"

मग माझी कळ आली. आधीच्या सगळ्या कळांपेक्षा मोठी. श्वास कसा घ्यायचा, काय म्हणायचं, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. देवाचं नाव आठवेना. तोंडातून बाहेर पडला तो तिचाच शब्द. बिडब्याड! ती ओरडायची, मी ओरडायचे. सिस्टर वैतागून म्हणाली, "दोघी एकाच गावच्या का काय?"

कितीतरी वेळ असं चाललं. मग पलीकडे धावपळ सुरू झाली. बाळाचे ठोके कमी झाले, असं कुणीतरी म्हणालं. स्ट्रेचर आलं. तिचा हात ओढला जाऊ लागला, तरी तो सुटेना. सिस्टर माझी बोटं एकेक करून उकलत होती. "अहो सोडा ना मॅडम! तिला न्यायचंय!"

नेलं तिला. पडदा हलत राहिला. मी एकटीच तो शब्द ओरडत राहिले. मुलगी झाली तोपर्यंत.

दुसऱ्या दिवशी केर काढायला आलेल्या आयामावशीला मी विचारलं, "मावशी, बिडब्याड म्हणजे काय हो?"

"सोडू नको."

"ती पोरगी कशी आहे?"

"मोठ्या दवाखान्यात हलवली की कालच. फुडचं आपल्याला कोन सांगतंय?" ती केरसुणी घेऊन पलंगाखाली वाकली.

महेश खिडकीशी बसून माझ्यासाठी मोसंबी सोलत होता. आमचं बोलणं ऐकून त्याने मान वर केली.

"असं होय! अगं, काल मी दाराला कान लावूनच बसलो होतो. हललो नाही यावेळी. आतून सारखा तोच आवाज येत होता. श्रीदेवी म्हणालती, बघा, ताईच ओरडताहेत वाटतं, सिस्टरला विचारा. मी म्हटलं, छे! ही कुणीतरी कानडी बाई ओरडालीय. आपली अजून शांत आहे."