रादिसावचा कूम

रादिसावबद्दल कोणी चांगलं बोललं की हल्ली माझं डोकं फिरतं. आणि सगळे चांगलंच बोलतात. बेलग्रेडच्या बसस्टँडवर एकतीस वर्षं टॅक्सी चालवली, पण मीटर टाकल्याशिवाय कधी गाडी हलवली नाही. माझ्या कॉफीच्या टपरीपाशी उभा राहून परगावच्यांना शिकवायचा, "आत येऊन बॅगेला हात घालतो त्याच्या गाडीत बसू नका. फोन करून टॅक्सी मागवा. बॅग मांडीवर ठेवा, डिकीत नको." मीसुद्धा नवख्यांना सांगायचे, त्या टोपीवाल्या म्हाताऱ्याकडे जा, तो फसवणार नाही.

फक्त स्रेच्कोचा विषय निघाला की त्याची दातखीळ बसायची. स्रेच्को म्हणजे स्टँडवरचा अट्टल लुटारू, आणि रादिसावचा कूम. याच्या लग्नात साक्षीदार तो, याच्या लेकीच्या बाप्तिस्म्याला धर्मबाप तो. आमच्याकडे लोक सख्ख्या भावाला कोर्टात खेचतील, पण कूमाविरुद्ध ब्र काढणार नाहीत.

मंगळवारी सकाळी स्कोप्येहून ब्लागुना नावाची बाई उतरली. अकराला तिच्या बहिणीचं दफन होतं, दफनभूमी दहा मिनिटांवर. मी तिला टोपीवाला दाखवला आणि गिऱ्हाइकांकडे वळले.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. तिला नेलं स्रेच्कोने. रस्ता बंद आहे म्हणत तासभर फिरवलं. फाटकाशी पाचपट भाडं मागितलं, आणि ती देईना तेव्हा फुलांसकट बॅग डिकीत कोंडून ठेवली. ती आत पोचेपर्यंत माती लोटून झाली होती.

ती टॅक्सी परवान्यांच्या तपासनिसाला घेऊनच स्टँडवर आली. स्रेच्कोने कानांवर हात ठेवले होते, ही बाई माझ्या गाडीत बसलीच नाही म्हणून. साक्षीदार मिळाला तर त्याचा परवाना जाणार, नाहीतर तक्रार आजच बंद.

"रादिसाव, तू होतास ना तिथे?" मी विचारलं.

"स्तामेना, तो माझा कूम आहे."

"मग? बहीण हिची गेली, त्याची नाही. एकतीस वर्षं लोकांना शहाणपण शिकवलंस, ते काय चुलीत घालायला?"

तो नुसता टोपी चाचपत बसला. हातातला कप त्याच्या अंगावर फेकावासा वाटला मला.

ब्लागुनाने आवाज चढवला नाही. "दादा, मी तुमच्याकडेच येत होते," ती म्हणाली. "त्याने बॅग धरली, पण मी सोडत नव्हते. मग तुम्ही त्याला मिठी मारलीत, आपल्या माणसाचे घेतात तसे गालांचे तीन मुके घेतलेत. मला वाटलं, या बाईंनी ज्यांच्याकडे पाठवलं, त्यांच्या घरचाच माणूस आहे. म्हणून सोडली."

तपासनिसाने कागद मिटायला घेतला.

"थांबा," रादिसाव म्हणाला. "माझं नाव लिहा. साक्षीदार म्हणून नको. त्याच्या जोडीला होता, असं लिहा."

"तसा रकाना नाही हो," म्हणत तपासनिसाने नाव साक्षीदारातच घातलं.

ब्लागुनाने आभार मानले नाहीत. मीही त्या दिवशी त्याला कॉफी दिली नाही.